डोळ्यातलं भोक आणि मेंदूची थापेबाजी

तिरकस:
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, शेवटी धागाच काढला. आधी प्रयोग करा मग पुढे वाचा, नाहीतर मजा जाईल. दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे वर, एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे टक लावून बघा आणि नजर तिथून अजिबात न हलवता उजवा अंगठा त्याच पातळीत हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभरापेक्षा जरा कमी अंतर गेलं की अंगठ्याचं टोक चक्क गायब होतं. अजून थोडं सरकवा, परत हजर.

जमलं नाही तर बहुतेक तुमची नजर उजव्या अंगठ्याकडे पळतेय, सगळ्यांची पळते, परत करा.

हे आपण शाळेत शिकलोय, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून तिथे आंधळा बिंदू. आपल्या डोळ्याची रचनाच अशी आहे की वायरिंग पेशींच्या मागे असायच्या ऐवजी पुढे, प्रकाशाच्या वाटेत आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर समोरूनच वायरी अंथरल्यासारखं. मग त्या साधारण दहा लाख तंतूंना बाहेर पडायला कुठेतरी भोक पाडावंच लागतं. ऑक्टोपसचं वायरिंग मागून आहे त्यामुळे त्याला हा त्रास नाही, त्याचा हेवा वाटतो.

आणि हा काही सुईच्या टोकाएवढा बिंदू नाहीये. नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशावर, रुंदी साडेपाच अंशाच्या आसपास आणि उंची साडेसात. पूर्ण चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे दहा चंद्र एका रांगेत लावले तरी आरामात गिळेल एवढं भोक प्रत्येक डोळ्यात घेऊन आपण फिरतोय.

पण मला शाळेत कुणी न सांगितलेली गोष्ट अशी की अंगठा गायब झाला तेव्हा त्या जागी काय दिसलं? काळा डाग दिसला का? नाही. मागची भिंत दिसली. जी त्या जागेतून डोळ्याला दिसतच नाहीये ती भिंत. मग ती रंगवली कोणी? आणि असं अजून कुठे कुठे चालतं? यावरून मेंदूबद्दल काय कळतं हे जाणकारांनी सांगावं.

शंकासुर:
प्रयोग केला, अंगठा गेला, आला. घरचे बघत होते, त्यांना वाटलं मी वाहतूक नियंत्रण करतोय.
पण "रंगवली कोणी" हा प्रश्न मला पटत नाही. कोणी रंगवायची गरज काय? डोक्याच्या मागे काय आहे ते पण मला दिसत नाही, तिथे मेंदू काळा पडदा लावतो का? नाही. तिथून माहितीच येत नाही, विषय संपला. तसंच हे.

डॉक_तिसरा:
चांगला धागा. मी मेंदूच्या आजारांच्या बाजूचा आहे, डोळ्यांच्या नाही, तरी जमेल तेवढं लिहितो, डोळेवाल्यांनी दुरुस्त करावं.

आधी थोडा इतिहास. हे भोक कुणी शरीर फाडून बघताना सापडलेलं नाही, नुसत्या तर्कातून सापडलंय. सतराव्या शतकात फ्रान्सच्या एद्म मारिओतने नर्व्ह पडद्यात कुठे शिरते ते बघितलं आणि विचार केला की बरोब्बर तिथेच चित्र पाडलं तर काय होईल. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला एक छोटा गोल कागद, त्याच्या उजवीकडे दोनेक फुटांवर दुसरा कागद, किंचित खाली, आणि हा माणूस मागे मागे सरकत साधारण दहा फुटांवर गेला आणि दुसरा कागद नाहीसा. तेव्हाचा समज असा होता की नर्व्हवर चित्र पडलं तर उलट जास्त स्पष्ट दिसेल! १६६८ साली हे छापून आलं. गंमत म्हणजे त्याने निष्कर्ष चुकीचा काढला. पडदा तिथे आहे तरी दिसत नाही, म्हणजे बघण्याचं काम पडदा करतच नाही, त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थर करतो, असं त्याचं म्हणणं. त्यावरून पेके नावाच्या शरीरशास्त्रज्ञाशी वाद घातला.

इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा म्हणे दरबाऱ्यांची मुंडकी अशी एक डोळा मिटून "उडवायचा". खरं खोटं माहीत नाही पण हिशोब जमतो, दोन मीटरवर हे भोक साधारण १९ सेंटीमीटर रुंद आणि २६ उंच होतं, माणसाचं डोकं सहज मावतं.

दोन्ही डोळे उघडे असताना अर्थात काही अडचण नाही कारण दोन्ही भोकं आपापल्या कानाच्या बाजूला, एकाचं भोक दुसरा डोळा झाकतो.

शंकासुर, तुमचा मुद्दा मोठ्या लोकांनी मांडलेला आहे, पुढच्या प्रतिसादात येतो. पेशंट आलाय.

निशाचर:
वाचनखूण साठवली.
माझ्याकडून एक भर. आणखी एक आंधळा बिंदू आहे आणि तो नजरेच्या अगदी मधोमध आहे, फक्त तो रात्रीच उगवतो. दुर्बिणीवाल्या लोकांना माहीत असेल. अंधुक तारा किंवा तेजोमेघ सरळ बघितला की विझतो, जरा बाजूला बघितलं की उजळतो. कारण पडद्याच्या मध्यभागी सव्वा अंशाच्या आसपास जागेत अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी जवळजवळ नसतातच, नुसत्या शंकूपेशी, त्यांना भरपूर उजेड लागतो. नवीन माणूस दुर्बिणीला डोळा लावतो आणि "काहीच नाहीये इथे" म्हणून वैतागतो, त्याला आधी "तिरकं बघ" हे शिकवावं लागतं. (धागाकर्त्याचा आयडी यासाठीच आहे का? हलके घ्या.)
पण बघा, तिथेही आकाशात मधोमध भोक पडलेलं कधीच दिसत नाही. तारा नसतो, एवढंच.

दृष्टिआड:
मी रोज लोकांच्या फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजायची तपासणी) घेते त्यामुळे हा धागा माझाच समजा :)

ज्यांनी ही टेस्ट केली नसेल त्यांच्यासाठी, एका पांढऱ्या अर्धगोल भांड्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकलेला, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कुठेही बारीक ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. आता यातली चलाखी अशी की मशीन मधूनमधून मुद्दाम तुमच्या आंधळ्या बिंदूवर ठिपका टाकतं. तो तुम्हाला दिसायला नको. तुम्ही बटण दाबलंत म्हणजे तुमची नजर हललेली आहे, मशीन तिथे एक खूण करतं आणि अशा खुणा जास्त झाल्या की रिपोर्ट भरवशाचा नाही. म्हणजे निसर्गाने दिलेलं भोक आम्ही पेशंटला पकडायला वापरतो. खूप जणांना वाटतं जास्तीत जास्त वेळा बटण दाबलं की जास्त मार्क, तसं नसतं हो.

आणि तिरकस, तुम्ही जे विचारलंय की अजून कुठे असं चालतं, तर काचबिंदूमध्ये नेमकं हेच चालतं आणि म्हणून तो आजार इतका घातकी. बाजूची नजर कमानीच्या आकारात जात असते, मशीनच्या कागदावर काळा पट्टा स्पष्ट दिसत असतो, आणि पेशंट म्हणतो मला तर सगळं छान दिसतंय. खोटं नाही बोलत तो. त्याला खरंच सगळं छान दिसतंय. काळे डाग दिसतील अशी वाट बघत बसलेल्या माणसाला काळे डाग कधी दिसतच नाहीत, जिन्याची पायरी चुकते किंवा बाजूने येणारी गाडी "अचानक" समोर येते.

अर्धविराम:
वरचं वाचून एक विचारायचं होतं. मला अर्धशिशी आहे, डोकं दुखायच्या आधी नजरेत एक ठिपका नाहीसा होतो, म्हणजे वाचताना शब्दाचं मधलं अक्षरच सापडत नाही. मग त्याच्या कडेने चमचमणारी नागमोडी रेघ सुरू होते, किल्ल्याच्या तटासारखी दातेरी, आणि ती वाढत वाढत अर्धवर्तुळ होऊन बाजूने बाहेर निघून जाते, वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास. मग डोकं. हे पण डोळ्यातलंच भोक का?

डॉक_तिसरा:
अर्धविराम, पुढच्या वेळी सुरू झालं की एक करा, आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा त्याच बाजूला तसंच दिसत असेल तर गडबड डोळ्यात नाही, मेंदूत आहे. अर्धशिशीच्या ऑरामध्ये, म्हणजे डोकं दुखायच्या आधीच्या या खेळात, बहुतेक असंच असतं. दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र होते ती मागे, डोक्याच्या पाठच्या भागात, दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थराचा बघण्याचं काम करणारा भाग), आणि तिथे पेशींच्या उत्तेजनाची एक लाट हळूहळू सरकते, लाटेच्या पाठोपाठ पेशी काही वेळ गप्प होतात. पुढची चमक म्हणजे लाट, मागचं भोक म्हणजे गप्प झालेला भाग.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे हे कोणत्याही यंत्राशिवाय शोधलं गेलंय. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला स्वतःला हा ऑरा यायचा. तो कागद घेऊन बसायचा आणि भोकाची कड किती वेळात कुठे पोचली ते काढून ठेवायचा. नजरेतलं अमुक अंतर म्हणजे कॉर्टेक्सवर किती मिलिमीटर असा हिशोब लावून १९४१ मध्ये त्याने लिहिलं की मेंदूत काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, लियाओ या ब्राझिलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूवर तशीच मंद लाट नोंदवली, वेगही त्याच आसपास. स्वतःच्या डोळ्यापुढचं भोक मोजून मेंदूतला वेग काढला, अजून काय हवं!

आणि शंकासुर, हे तुमच्यासाठी. लॅशली एकदा ऑरा चालू असताना मित्राशी बोलत होता, त्याच्या चेहऱ्याच्या जरा उजवीकडे बघितलं आणि मित्राचं डोकंच गेलं. खांदे आणि टाय दिसतायत, आणि डोक्याच्या जागी मागच्या वॉलपेपरच्या उभ्या पट्ट्या सरळ टायपर्यंत उतरलेल्या. त्या पट्ट्या तिथून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते भोक त्याच दिवशी, काही मिनिटांपूर्वी तयार झालेलं, म्हणजे जन्मापासूनची सवय वगैरे पण नाही.

शंकासुर:
पट्ट्या दिसल्या असं त्याला *वाटलं*. "पट्ट्या तुटलेल्या आहेत" अशी तक्रार कुठून आली नाही म्हणून सलग आहेत असं गृहीत धरलं. रंगवणं आणि तक्रार न येणं यात फरक आहे की नाही?

डॉक_तिसरा:
आहे, आणि नेमका याच फरकावर वाद झालाय. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९९१ च्या सुमारास हेच मांडलं, मेंदूला भरून काढायची गरज नाही, तिथे बघणारं कोणी नाही तर रंग वाया कशाला घालवायचा, दुर्लक्ष केलं की झालं. त्यावर मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९२ मध्ये एक गमतीदार प्रयोग पुढे केला. पिवळ्या कड्या घ्या, मध्ये भोक असलेल्या. एक कडी अशी ठेवा की तिची आतली कड पूर्णपणे आंधळ्या बिंदूत पडेल आणि बाहेरची कड बाहेर राहील. ती कडी कडी दिसत नाही, भरीव पिवळी चकती दिसते. इथपर्यंत तुम्ही म्हणाल दुर्लक्ष. पण आजूबाजूला बऱ्याच कड्या ठेवल्या तर ही एकटी चकती चटकन डोळ्यात भरते, शोधावी लागत नाही. आणि असं चटकन डोळ्यात भरणं हे बघण्याच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवर होतं, नंतर विचार करून नाही. नुसतं दुर्लक्ष असतं तर ती बाकीच्या कड्यांमधून उठून का दिसेल?

मग २००० साली जपानमध्ये कोमात्सु आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या दृष्टी-कॉर्टेक्सच्या पहिल्याच भागात, आंधळ्या बिंदूच्या जागेचं काम बघणाऱ्या पेशींवर मोजमाप केलं. त्या डोळ्याकडून तिथे काही येणं शक्यच नाही, तरी भोकावर मोठा रंगीत पृष्ठभाग धरला की त्यातल्या काही पेशी पेटतात. म्हणजे काहीतरी काम तिथे चालतंय. अगदी रंगारी बसलाय असं नाही म्हणणार मी, पण गप्प बसलेत असंही नाही.

शंकासुर:
कडीचा मुद्दा मजबूत आहे. पेशी पेटल्या म्हणजे "दिसलं" असं होत नाही हे मी तरीही म्हणत राहणार, पण तूर्त माघार.

तिरकस:
शंकासुरांची माघार, हा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

याच्याशी जोडून एक वाचलेलं सांगतो, मला त्याने झोप लागली नव्हती. २०१७ मध्ये जर्मनीतल्या एहिंगर आणि मंडळींनी लोकांना दोन पट्टेदार चकत्या दाखवल्या, एक नीट दिसेल अशा जागी आणि दुसरी अर्धवट आंधळ्या बिंदूत. त्यातलं कुठलं सलग आहे असं विचारलं. दोन्ही सारख्याच दिसतात, फक्त एकीचा मधला भाग मेंदूने स्वतः रचलेला. लोकांनी खऱ्या दिसणारीवर जास्त विश्वास ठेवायला हवा ना? किमान निम्मं निम्मं? उलट कल रचलेल्या चकतीकडे! म्हणजे मेंदूला स्वतःचा अंदाज डोळ्याच्या साक्षीपेक्षा जास्त खरा वाटतो. का? तर बाहेरून येणाऱ्या माहितीत काहीतरी खडबड असतेच, आतून भरलेल्या जागेत तक्रार करायला कोणी नाही, असं एक स्पष्टीकरण मला सुचतं. ते लोक काय म्हणतात ते वेगळं असेल, हे माझं.

वाचनमात्र:
सात-आठ वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण विषय माझ्या डोक्याचा आहे अक्षरशः. मानेचे आणि "मेंदूचे संतुलन" करणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे मान दुखते म्हणून गेलो होतो. त्यांनी कागदावर मधे फुली काढली, एक डोळा झाकायला लावला, पेनाचं टोक सरकवत कुठे दिसेनासं होतं तिथे तिथे खुणा करून दोन्ही डोळ्यांच्या आंधळ्या बिंदूचे नकाशे काढले. उजव्या डोळ्याचा मोठा आला. त्यावरून सांगितलं की डावा मेंदू "मंद चालतोय", काही महिन्यांचा कोर्स करावा लागेल. मान फिरवून दिली, परत नकाशा काढला, भोक लहान! डोळ्यादेखत. आता बायको म्हणते करून घे, मी म्हणतो आधी धाग्यावर विचारतो.

दृष्टिआड:
अहो थांबा, पैसे भरू नका.

पेनाने काढलेल्या नकाशात काय काय हलतं बघा. तुमचं डोकं कागदापासून ५० सेंटीमीटरवर असेल तर भोक कागदावर साधारण ४.८ सेंटीमीटर रुंद येईल. बोलता बोलता पाच सेंटीमीटर पुढे झुकलात की तेच ४.३. म्हणजे मेंदूत काहीही न होता भोक दहा टक्क्यांनी "बरं" झालं. हनुवटी कशावर टेकवली होती का? नसेल. पेन भोकातून बाहेर सरकवलं की आत सरकवलं? दोन्हीची रेघ वेगळी येते कारण तुम्ही "दिसलं" म्हणायला क्षणभर घेता, तेवढ्यात पेन पुढे गेलेलं असतं, वेगात सरकवलं की अजून पुढे. पेनाचं टोक काळं की लाल, उजेड किती. नजर मधल्या फुलीवरून किती वेळा हलली हे कुणी मोजलं? आमचं मशीन त्यासाठीच तो ठिपका टाकत असतं. आणि दुसऱ्यांदा काढताना तुम्हाला सराव झालेला असतो, शिवाय काढणाऱ्याला माहीत असतं की आता लहान यायला हवं.

आणि चष्म्याचा मायनस नंबर जास्त असेल तर नर्व्हच्या कडेचा पडदा ताणून विरळ झालेला असतो, भोक मोठंच येतं. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे तर भोकंही वेगळी.

डॉक_तिसरा:
दृष्टिआड यांच्याशी शंभर टक्के सहमत. उजव्या डोळ्याचं भोक उजवीकडच्या नजरेत येतं आणि तिथलं काम डावा मेंदू बघतो, एवढं त्यांनी बरोबर सांगितलं. पण त्यापुढची उडी हवेत आहे. भोकाचा आकार मुख्यतः नर्व्हचं तोंड किती मोठं त्यावर ठरतो. अख्खा अर्धा मेंदू "मंद" असेल तर त्याचा परिणाम एवढ्याच टीचभर जागेत दिसून बाकी उजव्या नजरेत काहीच कसा दिसत नाही, हे विचारा त्यांना.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. आकार दगडावरची रेघ नाही. २०१५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने लोकांना भोकाच्या कडेवर हलणारे पट्टे ओळखायचा रोज सराव दिला आणि काही आठवड्यांत भोक सुमारे दहा टक्क्यांनी आकसलं. कडेवरच्या पेशी अंधुक संकेत जास्त चांगले वापरायला शिकल्या एवढाच त्याचा अर्थ. भोकाच्या आत नवीन पेशी उगवल्या नाहीत आणि कोणाचा मेंदू जास्त चालायला लागला असंही त्यांनी म्हटलेलं नाही. मान फिरवण्याचा तर संबंधच नाही.

एकाच बाबतीत भोक मोठं होणं आम्ही फार गांभीर्याने घेतो. डोक्याच्या आत दाब वाढला की नर्व्हचं तोंड सुजतं आणि दोन्ही डोळ्यांचे आंधळे बिंदू मोठे होतात. पण ते आम्ही पेनाने ठरवत नाही, डोळ्यात थेंब घालून नर्व्ह बघितली की सूज दिसते. वाचनमात्र, डोकेदुखी वाढतेय का, वाकल्यावर किंवा झोपल्यावर जास्त होते का, उभं राहताना नजर क्षणभर काळी होते का? यातलं काही असेल तर उगाच थांबू नका. नसेल तरी एकदा नर्व्ह तपासून घ्या, मन शांत होईल.

वाचनमात्र:
तसं काही नाहीये. मायनस सहा आणि मायनस साडेतीन नंबर आहेत, मोठा नंबर उजव्याच डोळ्याला. आता सगळं कळलं. खूप धन्यवाद.

अर्धविराम:
म्हणजे भोकावरून मेंदूचं काहीच ओळखता येत नाही का मग? धाग्याचा विषयच तो होता.

डॉक_तिसरा:
येतं की! फक्त जन्मजात भोकावरून नाही, नंतर पडलेल्या भोकांवरून. आणि त्यात आकारापेक्षा जागा महत्त्वाची.

एकाच डोळ्यात भोक असेल तर गडबड डोळ्यात किंवा त्या नर्व्हमध्ये. दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू गेली असेल तर दोन नर्व्ह जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे काहीतरी दाबतंय, पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ हे नेहमीचं कारण. दोन्ही डोळ्यांची तीच एक बाजू गेली, म्हणजे दोन्हींची उजवी, तर डाव्या मेंदूत. फक्त वरचा पाव भाग गेला तर मेंदूच्या टेंपोरल (कानाजवळच्या) भागाकडे बघायचं, खालचा गेला तर पराएटल (वरच्या, मागच्या) भागाकडे. एमआरआय यायच्या आधी याच नकाशावरून जागा सांगायचे आणि आजही मी नुसती बोटं हलवून हे बघतो, पेशंटच्या समोर बसायचं, "माझ्या नाकाकडे बघा, बोट कुठलं हललं सांगा", दोन मिनिटांचं काम.

मेंदूतला हा नकाशा लिहिला गेला तो युद्धामुळे. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) बंदुकीच्या गोळ्या लहान आणि वेगवान झाल्या होत्या, डोक्यातून आरपार सरळ जायच्या आणि माणूस जगायचा. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाचं काम होतं जखमी सैनिकांची नजर किती गेली ते पेन्शनसाठी ठरवायचं. त्याने गोळी कुठून शिरली, कुठून निघाली यावरून आतला मार्ग काढला आणि नजरेतल्या भोकाशी जोडला. १९०९ मध्ये छापलं. नजरेच्या मधल्या छोट्याशा भागाला मेंदूने किती प्रचंड जागा दिली आहे हे त्यातून समोर आलं.

आता याच लोकांमधली सगळ्यात विचित्र गोष्ट. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइस्क्रान्झ यांनी १९७४ मध्ये डीबी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशंटबद्दल लिहिलं. ऑपरेशनमध्ये एका बाजूच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा भाग काढावा लागला, तेवढी नजर आंधळी. त्या आंधळ्या भागात ठिपका दाखवून विचारलं कुठे आहे, तो म्हणाला मला काही दिसत नाही. बरं, अंदाजाने हात कर म्हटलं. अंदाज बरोबर यायला लागले, नशिबाने येतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याला सांगितल्यावर तो स्वतःच चकित. डोळ्यापासून मेंदूपर्यंत दुसऱ्या जुन्या वाटाही आहेत, त्यातून माहिती पोचते पण "दिसलं" अशी जाणीव होत नाही. २००८ मध्ये टीएन या पेशंटबद्दल छापून आलं, दोन्ही बाजूंचा दृष्टी-कॉर्टेक्स स्ट्रोकने गेलेला, पूर्ण आंधळा. त्याला काठी न देता अडथळे मांडलेल्या कॉरिडॉरमधून चालायला सांगितलं, एकालाही न धडकता पलीकडे गेला.

शंकासुर:
म्हणजे आंधळ्या बिंदूत आपल्याला न येणारी माहिती "दिसते", आणि यांना येणारी माहिती "दिसत नाही". मी माघार मागे घेतो. पेशी पेटणं आणि दिसणं वेगळं हेच तर मी म्हणत होतो!

तिरकस:
स्क्रीनशॉट डिलीट.

निशाचर:
आमच्या नात्यातल्या एका आजींच्या नजरेचा मधला भाग वयोमानाने गेलाय. त्यांना संध्याकाळी खोलीत टोप्या घातलेली छोटी छोटी माणसं दिसायची. बोलत नाहीत, नुसती रांगेने जातात. घरात कुणाला सांगेनात, वेड लागलं म्हणतील म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच एकदा सहज विचारलं तेव्हा सांगितलं. हे पण भरून काढणंच का?

दृष्टिआड:
हो, त्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. १७६० मध्ये बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने स्वतःच्या आजोबांबद्दल लिहिलं होतं, मोतीबिंदूने नजर अधू झालेली, डोकं मात्र ठणठणीत, आणि माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्याकडून माल येणं बंद झालं की दृष्टीचा मेंदू स्वतःच चित्रं काढत बसतो. आंधळ्या बिंदूची जागा लहान असल्याने कडेचा रंग ओढून भागतं, इथे मोठी जागा रिकामी असते. मी आता कमी नजरेच्या प्रत्येक वयस्कर पेशंटला मुद्दाम विचारते, "कधी नसलेलं काही दिसतं का? बऱ्याच जणांना दिसतं". दुसरं वाक्य जोडलं नाही तर कोणीच कबूल करत नाही. आजींना ते खरं नाही हे माहीत असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नसतं. पण माणसं आवाज द्यायला लागली किंवा आजींना ती खरी वाटायला लागली तर मग डॉककडे.

वाचनमात्र:
त्या कोर्सवाल्यांना नाही म्हणून कळवलं. फील्ड टेस्टची वेळ घेतली आहे, नर्व्ह पण बघणार आहेत. एकच शंका, एवढा नंबर आहे तर चष्मा घालून बसायचं का?

दृष्टिआड:
नाही, चष्म्याची फ्रेम कडेने आडवी येते आणि रिपोर्टमध्ये नसलेलं भोक दिसतं. तुमच्या नंबरची बारीक कडेची काच मशीनलाच लावतात. लेन्स वापरत असाल तर तसं आधी सांगा. थेंब टेस्ट झाल्यावर घालायला सांगा, आधी नाही. झोप पूर्ण करून जा, पापणी खाली आली की वरचा भाग उगाच काळा येतो. आणि काही ठिपके दिसणारच नाहीत इतके अंधुक असतात, ते सगळ्यांनाच दिसत नाहीत, तेव्हा दोन मिनिटं काहीच लुकलुकलं नाही म्हणून घाबरून बटण दाबत सुटू नका.